दुसरी हाक

दुसऱ्या वर्षाला आम्हाला भयपटाची सुरुवात करायची होती. अख्खी फिल्म नाही, शीर्षकासकट पहिली दोन मिनिटं. चौघांचा गट, कॉलेजचा एक डीएसएलआर कॅमेरा, काकांचं साताऱ्याकडचं जुनं घर आणि हातात तीन आठवडे.

पहिल्या कटमध्ये आम्ही भयपटात असतं ते सगळं घातलं. धुपाचा धूर, करकरणारं दार, पैंजण, घुबड, आणि शेवटी परसात उभी पांढऱ्या साडीतली बाई. वर्गात दाखवलं तेव्हा साडी दिसताच मागच्या बाकांवर हशा पिकला. मला ते फार लागलं. त्या शॉटसाठी आम्ही रात्रभर जागलो होतो. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "ती बाई दिसायच्या आधी बघणाऱ्याला काय ठाऊक असतं?"

काहीच ठाऊक नसतं. कारण आम्ही काही सांगितलंच नव्हतं.

त्या आठवड्यात मी १९६४ सालच्या 'वो कौन थी?'ची सुरुवात पुन्हा पाहिली. पावसाची रात्र, डॉक्टरची गाडी, रस्त्यात पांढऱ्या साडीतली साधना. साडी तिथंही आहे, पण काटा येतो तो वायपरमुळे. ती गाडीत बसते, वायपर बंद पडतात, त्याला समोरचं दिसेनासं होतं आणि तिला मात्र रस्ता दिसत राहतो. आम्ही साडी उचलली आणि वायपर तिथंच सोडून आलो होतो.

आमचा वायपर सापडला आजीकडे. लहानपणी ती बजावायची, रात्री कुणी नावानं हाक मारली तर लगेच ओ द्यायची नाही, तिसऱ्या हाकेची वाट बघायची. माणूस तीनदा हाक मारतं, 'ते' दोनदाच मारतं. गटात विचारलं तर चौघांपैकी तिघांनी हे आपापल्या घरी ऐकलेलं. म्हणजे भीती लोकांच्या मनात आधीच होती, आम्ही फक्त तिला हात लावायचा होता.

नवी सुरुवात अशी ठरली. कातरवेळ. सोप्यात मुलगी अभ्यास करतेय. परसाकडून आईची हाक येते. ती मान वर करते, थांबते. दुसरी हाक येते, जवळून. ती ओ देते. शांतता, आणि तिसऱ्या हाकेच्या जागी शीर्षक.

आधीच्या वेळी अंधार हवा म्हणून मी सगळे दिवे मालवून आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, ६४००वर नेला होता. चित्र करडं आणि दाणेदार आलं, काळं असं त्यात काहीच नव्हतं. अंधार दिसायला शेजारी उजेड लागतो. या वेळी मुलीच्या डोक्यावर एक पिवळा बल्ब ठेवला, आयएसओ ८००, शटर सेकंदाच्या १/५०वर, आणि मागचं परसदार काळंकुट्ट जाऊ दिलं. मुलगी फ्रेमच्या डाव्या कडेला, उजवीकडे ते दार. चाळीस सेकंद कट नाही. दारात आम्ही काहीही ठेवलं नव्हतं, तरी बघणाऱ्याची नजर तिथंच जाते.

खरा घाम काढला आवाजानं. हाक काकूंची हवी होती. त्यांनी दिवेलागणीला साफ नकार दिला. "तिन्हीसांजेला असल्या हाका मारायच्या नसतात. दुपारी ये." मी हट्ट केला नाही. त्यांच्या त्या नकारानंच मला पटलं की गोष्ट बरोबर निवडलीय.

दुपारी रेकॉर्ड केलं तर मागे पिठाची गिरणी आणि कावळे. मग बंद खोलीत हाक घेतली आणि एडिटला आवाज कमी केला. हाक हळू झाली, पण लांब गेली नाही. लांबून आलेल्या आवाजात थेट येणारा भाग थोडा आणि भिंतींवरून परतून येणारा जास्त असतो, त्याची धारही विरलेली असते. हे नुसतं बटण फिरवून होत नाही. १९४९ सालच्या 'महल' सिनेमातल्या 'आएगा आनेवाला' या लांबून येणाऱ्या गाण्याच्या वेळी लताबाई माइकपासून दूर उभ्या राहून गात गात जवळ आल्या होत्या. आम्ही तेच केलं. वीज नव्हती, म्हणून गिरणी बंद होती, असा दिवस गाठला. रेकॉर्डर मुलीच्या जागी ठेवला. काकूंनी पहिली हाक गोठ्याच्या पलीकडून दिली, दुसरी परसदाराच्या उंबऱ्यावरून. रातकिडे वेगळे रेकॉर्ड करून खाली जोडले आणि दुसऱ्या हाकेच्या दीड सेकंद आधी तोडले. एवढा एकच बदल, पण मला स्वतःला हेडफोनमध्ये मागे वळून बघावंसं वाटलं.

दुसऱ्यांदा वर्गात दाखवलं. मुलगी "ओ" म्हणाली तेव्हा पुढच्या रांगेत कुणीतरी "अगं नको" असं पुटपुटलं. मला रडू येईल असं वाटलं.

पण केरळहून आलेली आमची एक मैत्रीण गोंधळून बघत होती. तिनं विचारलं, "तिनं उत्तर दिलं, मग सगळे घाबरले का?" मला तो प्रश्न रास्त वाटला. गटात दोन दिवस वाद झाला. समजावलं तर मजा जाईल, असं दोघांचं म्हणणं. शेवटी आजीलाच कॅमेऱ्यासमोर बसवलं. सुरुवातीला ती नातीची वेणी घालता घालता म्हणते, "तिसऱ्या हाकेला ओ द्यायची बरं का." का, ते सांगत नाही. अकरा सेकंद वाढले, म्हणून पैंजणांचा उरलेला शॉट काढला आणि शीर्षक चार सेकंदांवर आणलं.