नोंद आहे, पण उत्तर नाही

जुन्या डीएनएस सर्व्हरच्या (नावावरून संगणकाचा पत्ता सांगणारा सर्व्हर) जोडीला नवा सर्व्हर उभा केल्यानंतरच्या आठवड्यात हेल्पडेस्ककडे एकाच प्रकारच्या तक्रारी येऊ लागल्या. अंतर्गत प्रणाली व्यवस्थित चालत होत्या, परंतु बाहेरचे कोणतेही संकेतस्थळ उघडायला गेले की ब्राउझर बराच वेळ घुटमळे आणि शेवटी हात टेके. शेजारी बसलेल्या दोन सहकाऱ्यांपैकी एकीचे काम सुरळीत चालू होते, दुसरीचे अडले होते, आणि दोघींच्याही संगणकांवर प्रॉक्सी (बाहेरची वेब वाहतूक ज्याच्यामार्फत जाते तो मध्यस्थ सर्व्हर) आपोआप शोधण्याच्या पर्यायावर खूण होती. "सर, सकाळी चालत होतं, दुपारपासून बंद आहे," असे सांगणारेही होते, आणि मला तीच तक्रार सर्वांत उपयोगी वाटली, कारण प्रॉक्सीची माहिती देणाऱ्या फाइलमधली चूक दुपारपर्यंत थांबत नाही.

आपोआप शोधण्याच्या या पद्धतीत संगणक आधी डीएचसीपी सर्व्हरकडे, म्हणजे संगणकांना नेटवर्कची प्राथमिक माहिती वाटणाऱ्या सर्व्हरकडे, २५२ क्रमांकाचा पर्याय (प्रॉक्सीच्या फाइलचा पत्ता) मागतो. तो मिळाला नाही, तर स्वतःच्या डोमेनमध्ये 'डब्ल्यूपॅड' या नावाचा पत्ता डीएनएसला विचारतो आणि त्या पत्त्यावरून, ८० क्रमांकाच्या पोर्टवरून, एक छोटी फाइल उतरवून घेतो. त्या फाइलमधले जावास्क्रिप्टचे एक फंक्शन कोणत्या संकेतस्थळासाठी प्रॉक्सी वापरायचा आणि कुठे थेट जायचे, हे ठरवते. आमच्याकडे २५२ चा पर्याय कधीच भरलेला नव्हता, म्हणजे सगळी भिस्त डीएनएसवर होती. फाइल मिळाली नाही की ब्राउझर थेट बाहेर जाऊ पाहतो आणि फायरवॉल त्याला अडवतो. ते घुटमळणे त्यामुळेच होते.

अडलेल्या संगणकावर मी नावाऐवजी सर्व्हरचा आयपी पत्ता टाकून फाइल मागवली, तर ती क्षणात आली. मग एनएसलुकअप (डीएनएसला प्रश्न विचारणारी आज्ञा) चालवून नाव विचारले आणि उत्तर आले की असे नाव अस्तित्वातच नाही. डीएनएसच्या व्यवस्थापन खिडकीत मात्र ती नोंद डोळ्यांसमोर दिसत होती, आणि त्याच झोनमधल्या (डोमेनच्या नोंदींच्या संचातल्या) इतर नावांना त्याच सर्व्हरकडून बिनचूक उत्तरे मिळत होती. एनएसलुकअपला जुन्या सर्व्हरचे नाव देऊन तोच प्रश्न केला, तेव्हा पत्ता मिळाला. नव्याला विचारले की नकार. कोणता संगणक कोणत्या सर्व्हरला विचारतो, एवढाच काय तो शेजारणींमधला फरक होता.

वायरशार्क या नेटवर्कची वाहतूक दाखवणाऱ्या साधनात पॅकेट पाहिली, तेव्हा नकारानंतरची हालचालही दिसली. डीएनएसने हात वर केल्यावर संगणक तेच नाव २२४.०.०.२५२ या मल्टिकास्ट पत्त्यावर, म्हणजे आजूबाजूच्या सगळ्याच यंत्रांना, विचारत होता. (शेवटचा २५२ आणि डीएचसीपीचा २५२ यांचा काहीही संबंध नाही, तरी क्षणभर मी थबकलो.) या हाकेला नेटवर्कवरचे कोणतेही यंत्र 'मीच तो' असे उत्तर देऊ शकते, आणि तसे झाले तर त्या संगणकाची सगळी वेब वाहतूक त्या यंत्राच्या हाती जाते. संथ ब्राउझरपेक्षा मला या गोष्टीची अधिक काळजी वाटली.

नव्या सर्व्हरच्या डीएनएस लॉगमध्ये ७६०० क्रमांकाची घटना नोंदलेली होती, आणि नकाराचे कारण तिच्यात सरळ लिहिलेले होते. विंडोज सर्व्हर २००८ पासून डीएनएस सेवेत अडवायच्या नावांची एक यादी असते आणि तिच्यात 'डब्ल्यूपॅड' व 'आयसाटॅप' (आयपीव्ही६ जोडणीच्या एका पद्धतीत वापरले जाणारे नाव) ही दोन नावे मुळातच घातलेली असतात. डायनॅमिक नोंदणी (संगणकाने आपली नोंद आपणच करणे) चालू असलेल्या झोनमध्ये एखाद्याने आपल्या संगणकाचे नावच 'डब्ल्यूपॅड' ठेवले, तर तो स्वतःची नोंद करून सगळ्यांचा प्रॉक्सी होऊन बसेल, म्हणून ही तजवीज आहे. जुना सर्व्हर उत्तर देत होता, कारण सेवा अद्ययावत होताना ती नोंद आधीच असेल, तर ते नाव यादीत घेतले जात नाही. शिवाय ही यादी प्रत्येक सर्व्हरची स्वतंत्र असते. झोनमधल्या नोंदींबरोबर ती दुसऱ्या सर्व्हरवर जात नाही.

यादी सरसकट बंद करण्याचा सल्ला सहज मिळतो, पण मला तो पटत नाही. आमची नोंद हाताने केलेली आणि स्थिर असल्याची खात्री करून मी नव्या सर्व्हरच्या यादीतून फक्त 'डब्ल्यूपॅड' काढले आणि 'आयसाटॅप' तसेच राहू दिले. लगेच पत्ता मिळू लागला. ज्यांच्या संगणकांनी आधीचा नकार साठवून ठेवला होता, त्यांचा डीएनएस कॅश रिकामा करावा लागला. तरीही न सुधारलेले संगणक सरळ रीस्टार्ट केले, कारण विंडोजची प्रॉक्सी शोधणारी सेवा सर्व्हिसेसच्या खिडकीतून थांबवता येत नव्हती.

कार्यालयाबाहेर नेल्या जाणाऱ्या लॅपटॉपवर मात्र आपोआप शोध ग्रुप पॉलिसीतून (सगळ्या संगणकांची मांडणी एका ठिकाणाहून ठरवण्याची विंडोजची सोय) बंद करून फाइलचा पूर्ण पत्ता थेट भरून दिला, कारण परक्या नेटवर्कवर त्या हाकेला कोण ओ देईल, हे आमच्या हातात नव्हते.