नवतप्यात टिकेल तेच टायमिंग

यूट्यूबवर पाहून रॅमचे टायमिंग (रॅमला एकेका कामासाठी दिलेला वेळ) जसेच्या तसे बायोसमध्ये भरायचे, आणि मेमध्ये स्क्रीन निळी पडली की मदरबोर्डाला शिव्या घालायच्या, हा प्रकार आपल्याकडे लय चालतो. बोर्डाचा दोष कधी कधी असतोही. पण ते आकडे एसीच्या खोलीत काढलेले असतात. यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा-दिग्रसकडे भर दुपारी पत्र्याखालच्या खोलीत कूलर चालू असला तरी पारा पस्तीसच्या खाली यायला तयार नसतो. रॅमला हा फरक बरोबर कळतो.

रॅममधला प्रत्येक बिट एका बारीक कपॅसिटरमध्ये चार्ज म्हणून साठवलेला असतो. तो चार्ज सतत गळतो, आणि गरमीत जास्त गळतो. म्हणून डीडीआर४ मध्ये सरासरी दर ७.८ मायक्रोसेकंदांनी रिफ्रेश होतो. चिप ८५ अंशांच्या वर गेली तर स्टँडर्डप्रमाणे हेच अंतर निम्म्यावर, ३.९ वर आणावं लागतं. दोन रिफ्रेशमधलं अंतर म्हणजे टीआरईएफआय, आणि एका रिफ्रेशला दिलेला वेळ म्हणजे टीआरएफसी. टायमिंग टाइट करताना, म्हणजे रॅम फास्ट करताना, आपण पहिलं वाढवतो आणि दुसरं घटवतो. दोन्हीकडून गरमीसाठी ठेवलेली शिल्लकच खाल्ली जाते. सीएल किंवा टीआरसीडी हे डेटा वाचण्याचे टायमिंग उन्हाळ्यात इतके नखरे करत नाहीत. मेमध्ये सेटिंग कोसळलं तर आधी टीआरईएफआय आणि टीआरएफसीकडे बघा.

आकडे भरण्याआधी हीटसिंकच्या आत चिप कोणाची आहे ते काढा. थायफून बर्नर हे सॉफ्टवेअर बहुतेक वेळा सांगतं. एकाच मॉडेलच्या दोन किटमध्ये वेगळ्या चिपा निघू शकतात, त्यामुळे मित्राच्या किटवर चाललं ते आपल्यावर चालेलच असं धरू नका. ८ गिगाबिटच्या चिपेला स्टँडर्डप्रमाणे टीआरएफसी ३५० नॅनोसेकंद लागतो. सॅमसंग बी-डाय (डाय म्हणजे चिपेचा प्रकार) १६० पर्यंत सहज उतरते, हायनिक्स सीजेआर २६० च्या आसपास, मायक्रॉन ई-डाय २९०-३०० वर अडते आणि व्होल्टेज वाढवूनही खाली येत नाही. बायोसमध्ये मात्र नॅनोसेकंद नाही, क्लॉक भरायचे असतात: नॅनोसेकंद गुणिले मेमरीचा खरा क्लॉक, भागिले १०००. ३६०० च्या रॅमचा खरा क्लॉक १८००, म्हणजे ३०० नॅनोसेकंदांचे झाले ५४०.

गंमत अशी की सगळ्यात भारी समजली जाणारी बी-डायच गरमीत सगळ्यात आधी हात टेकते. १६० नॅनोसेकंदांवर, म्हणजे २८८ क्लॉकवर, थंडीत रात्रभर टेस्ट पास होते आणि काडी पन्नास अंशांकडे सरकली की एरर पडायला लागतात. आपल्याकडे तिला १८० द्या, म्हणजे ३२४. बेंचमार्कमध्ये किंचित फरक दिसेल, गेममध्ये शोधूनही सापडणार नाही.

रायझन ५ ३६०० किंवा ५६००, बी४५० किंवा बी५५० बोर्ड आणि मायक्रॉन ई-डायच्या ८ जीबीच्या दोन काड्या, ही जोडी गावाकडे बरीच दिसते, म्हणून तीच घेऊ. आधी फक्त एक्सएमपी (रॅममध्येच कंपनीनं भरून दिलेलं सेटिंग) चालू करून टेस्ट करा; तेच पास होत नसेल तर पुढे जायचं नाही. मग रॅम ३६००, एफसीएलके (प्रोसेसरच्या आतल्या जोडणीचा क्लॉक) १८००, रॅमला १.३८ व्होल्ट, एसओसीला (प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर असलेला भाग) १.१, आणि टायमिंग मुद्दाम ढिले, सीएल-टीआरसीडी-टीआरपी-टीआरएएस या क्रमानं: १८-२२-२२-४२. हे टिकलं की १६-१९-१६-३६. ई-डायचा टीआरसीडी १९ च्या खाली ओढण्याच्या भानगडीत पडू नका, तिथे ती हटत नाही. टीआरपी मात्र खुशाल खाली येतो. त्यानंतर दुय्यम टायमिंग: टीआरआरडी ४ आणि ६, टीफॉ १६, टीडब्ल्यूआर १६, टीआरटीपी ८. टीफॉ हा लहान टीआरआरडीच्या चौपट आणि टीडब्ल्यूआर हा टीआरटीपीच्या दुप्पट, हे नातं सांभाळा. टीआरएफसी सगळ्यात शेवटी. एका वेळी एकच गट हलवायचा, नाहीतर एरर कोणामुळे आला ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

बायोसमधला गिअर डाउन मोड चालू असेल तर विषम सीएल बोर्ड गुपचूप पुढच्या सम आकड्यावर नेतो. १५ भरून १६ चालत असतो आणि माणूस खुश. झेनटायमिंग्ज हे सॉफ्टवेअर उघडून खरे आकडे बघा.

आता बोर्डांकडे. एकच किट दोन बोर्डांवर लावून "हा फास्ट, तो स्लो" म्हणण्यात अर्थ नाही, कारण ऑटोवर सोडलेले दुय्यम टायमिंग प्रत्येक बोर्ड आपापल्या मर्जीनं भरतो. तुलना करायची तर सगळे हातानं भरा. प्रोकओडीटी आणि आरटीटी हे सिग्नल सांभाळणारे रेझिस्टन्सही ऑटोवर बोर्डागणिक बदलतात. ज्या बोर्डावर सेटिंग टिकलं तिथले आकडे लिहून घ्या आणि दुसऱ्यावर तेच भरून पाहा. अर्धे "या बोर्डावर रॅम चालतच नाही" तिथेच मिटतात. नावांचा घोळ वेगळाच: एएम४ वर आसुस एक्सएमपीला डीओसीपी म्हणतं, एमएसआय ए-एक्सएमपी.

आजच्या बहुतेक चार स्लॉटच्या बोर्डांवर डेझी चेन वायरिंग असतं (एकाच तारेवर एकामागे एक स्लॉट), म्हणून दोन काड्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्येच. पहिल्या-तिसऱ्यात लावल्या तर मोकळ्या राहिलेल्या तारेच्या टोकावरून सिग्नल उलटा आपटतो आणि ३६०० सुद्धा जड जातं. दोन स्लॉटच्या स्वस्त ए५२० ला हसू नका. तारा छोट्या असल्यामुळे तो रॅमच्या बाबतीत कधी कधी महागड्याला भारी पडतो. इंटेलवाल्यांनी पैसे देण्याआधी चिपसेट बघावा. एच४१०, एच५१० आणि एच६१० वर मेमरी ओव्हरक्लॉक होत नाही. एच४१० वर आय५-१०४०० टाकला तर ३२०० ची रॅमसुद्धा २६६६ वरच चालते. बी५६० आणि बी६६० वर होतं, पण बाराव्या पिढीच्या बिगर-के प्रोसेसरमध्ये एसए व्होल्टेजला (मेमरी कंट्रोलरच्या व्होल्टेजला) कुलूप आहे, त्यामुळे गिअर १ मध्ये, म्हणजे कंट्रोलर रॅमच्याच वेगानं चालवून, ३६०० बसेलच अशी खात्री नाही. टीआरईएफआयची मोकळीक इंटेलवर आहे: ३६०० ला मूळ आकडा १४०४०, लोक ६५५३५ ठोकतात. आपल्या हवेत ३२७६८ पुरे. एएम४ वर हा आकडा सहसा हाती लागतच नाही.

टेस्ट विंडोजमध्ये सुरू करू नका. कच्च्या रॅमवर विंडोज उघडली की फायली खराब होतात, आणि ते महिनाभरानं कळतं. पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ आधी, मग टेस्टमेम५ वर अँटा७७७ एक्स्ट्रीम हे कॉन्फिग. पहिल्या काही मिनिटांत एरर आला तर टायमिंग किंवा व्होल्टेज. तासाभरानं, काडी तापल्यावर आला तर बहुधा टीआरएफसी. रायझनवर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीया (WHEA) १९ हा हार्डवेअर एरर दिसत असेल तर रॅम सोडा, एफसीएलके खाली घ्या. शेवटची टेस्ट दुपारी दोन-तीनच्या सुमारास, ग्राफिक्स कार्डवर लोड देऊन, कारण काड्यांना भाजतं ते कार्डच. १२० मिलिमीटरचा साधा पंखा काड्यांवर रोखला तर तापमान चांगलंच उतरतं. कूलरचा झोत मात्र उघड्या कॅबिनेटवर सोडू नका. ओल आणि कापसाची भुरी मिळून स्लॉटात जो थर बसतो तो काढता काढता नाकी नऊ येतात.

लाईटचं गणितही धरा. रब्बीत मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडतं, आणि डीपी उडाली तर चार तासांची टेस्ट पाण्यात. यूपीएस लागतोच. अ‍ॅक्टिव्ह पीएफसीचा एसएमपीएस (कॅबिनेटमधला पॉवर सप्लाय) असेल तर स्वस्त यूपीएसच्या चौकोनी वेव्हवर तो कधी कधी बंद पडतो. प्युअर साइनवेव्ह घेतलेला बरा.

बोर्ड पोस्टच होत नसेल, म्हणजे चालू करूनही स्क्रीनवर काही येत नसेल, तर प्लग काढा, बायोसचं सेटिंग पुसणारा सीएमओएस जंपर शॉर्ट करा किंवा सीआर२०३२ सेल थोडा वेळ काढून ठेवा. डीडीआर५ असेल तर आधी थांबा. पहिल्यांदा ट्रेनिंगला (बोर्ड रॅमशी जुळवून घेतो तेव्हा) काही मिनिटं स्क्रीन काळी राहते, तेवढ्यात बटण दाबून मोकळे होऊ नका.

बायोसमध्ये दोन प्रोफाइल ठेवा, एक दिवाळीनंतरचं आणि एक होळीनंतरचं. बायोस अपडेट केला की बहुतेक बोर्ड ती पुसून टाकतात, म्हणून प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढून मगच अपडेट करा.