पंचवीस फेब्रुवारीची रजा

आमच्या इमारतीच्या रखवालदाराने जानेवारीतच रजा सांगून ठेवली होती. २५ फेब्रुवारी २०२४ ला सेनेगलमध्ये राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक होती आणि त्याचं नाव मतदारयादीत काओलाककडच्या गावात. राजधानी डाकारमध्ये राहून मला बरीच वर्षं झाली, पण मतदानासाठी महिनाभर आधी रजा मागणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते.

३ फेब्रुवारीला, प्रचार सुरू व्हायला काही तास उरलेले असताना, राष्ट्राध्यक्ष माकी साल टीव्हीवर आले आणि निवडणूक पुढे ढकलल्याचं सांगितलं. कारण दिलं ते उमेदवारांच्या छाननीवरून संसद आणि घटना परिषद, म्हणजे इथलं घटनात्मक न्यायालय, यांच्यात पेटलेल्या वादाचं. दोन दिवसांनी संसदेत जांदार्मांनी, म्हणजे निमलष्करी पोलिसांनी, विरोधी खासदारांना सभागृहाबाहेर काढलं आणि उरलेल्यांनी १५ डिसेंबर ही तारीख मंजूर केली. माकी सालांची मुदत २ एप्रिलला संपत होती. मधले आठ महिने कोणाच्या अधिकारात, हे विचारणाऱ्यांवर रस्त्यात अश्रुधूर सोडला जात होता.

मोबाईलचा डेटा बंद झाला. कोपऱ्यावरच्या दुकानात लोक फोन हातात धरून उभे, कारण इथे भाजीचे पैसेसुद्धा फोनवरूनच जातात. दुकानदाराने वहीत नावं लिहून घेतली आणि सगळ्यांना सामान दिलं. ९ तारखेनंतर मात्र वह्यांचं कोणाला सुचेना. सेंट-लुईच्या विद्यापीठातला एक विद्यार्थी निदर्शनांत मेला, मग डाकारमध्ये एक, झिगिंशोरला एक. रखवालदाराचा धाकटा भाऊ शिकणारा. रखवालदार दर तासाला घरी फोन लावत होता. मी त्याच्यासमोर काही बोलू शकले नाही, चहा तेवढा ठेवला.

१५ फेब्रुवारीला घटना परिषदेने निवडणूक लांबवणं घटनाविरोधी ठरवलं. मला वर्षातली सगळ्यात मोठी घटना हीच वाटते, पुढच्या निकालाहून मोठी. न्यायमूर्तींनी कागदावर नाही म्हटलं आणि सरकारला ते ऐकावं लागलं. शेजारच्या देशांत एकामागून एक लष्करी उठाव होत असताना इथे १९६० पासून एकही यशस्वी झालेला नाही. ती परंपरा त्या दिवशी लोकांनी आणि न्यायालयाने मिळून सांभाळली, असं मी मनापासून मानते.

मग २४ मार्च ठरला, ऐन रमजानात. १४ मार्चच्या रात्री विरोधी नेते उस्मान सोंको आणि त्यांचे सहकारी बासिरू द्योमाय फाय तुरुंगातून सुटले, मतदानाला जेमतेम दहा दिवस राहिले असताना. सोंकोंना निवडणुकीला उभं राहता येत नव्हतं, म्हणून फाय उमेदवार. 'द्योमाय मोय सोंको', म्हणजे द्योमाय हाच सोंको, ही वोलोफ घोषणा आमच्या गल्लीतली पोरं झोपेतही म्हणत असावीत.

रखवालदार २३ ला गावी गेला. मतदानाच्या संध्याकाळी उपवास सुटल्यावर मी शेजारच्या आजींच्या अंगणात बसले होते. रेडिओवर वार्ताहर एकेका केंद्रावरून आकडे वाचत होता. इथे मतदार उमेदवारांच्या चिठ्ठ्या घेऊन आडोशाला जातो, एक पाकिटात घालतो. रात्री तीच पाकिटं सगळ्यांसमोर उघडतात. आजी प्रत्येक आकड्याला मान हलवत होत्या, ऐकता ऐकता त्यांचा चहाचा दुसरा पेला गार झाला. नऊच्या सुमारास रखवालदाराचा फोन आला, "मादाम, आमच्या केंद्राची मोजणी झाली!" कोण पुढे आहे ते तो सांगायलाच विसरला.

फाय पहिल्याच फेरीत ५४.२८ टक्के मतं मिळवून निवडून आले. मतदानाच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा ४४ वा वाढदिवस होता, आणि त्याच दिवशी सत्ताधारी उमेदवार आमादू बा यांनी फोन करून अभिनंदन केलं. २ एप्रिलला शपथविधी, सोंको पंतप्रधान.

उरलेलं वर्ष सोपं गेलं नाही. आधीच्या सरकारने कर्ज आणि तूट कमी दाखवल्याचं सप्टेंबरमध्ये नव्या सरकारने उघड केलं. त्याच महिन्यात संसद विसर्जित झाली आणि १७ नोव्हेंबरच्या निवडणुकीत १६५ पैकी १३० जागा सोंकोंच्या पास्तेफ पक्षाला मिळाल्या. विरोधकांची इतकी कमी संख्या मला बरी वाटत नाही. फेब्रुवारीत सभागृहातून ओढत नेलेल्या खासदारांचं चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही, आणि त्या बाकांवर कोणीतरी ठामपणे बसलेलं असावं असं वाटतं.

नोव्हेंबरची रजा रखवालदाराने दहा दिवस आधी मागितली. परतल्यावर बोट दाखवलं, नखाच्या कडेला शाई अजून होती.