इतिवृत्त वाचून दाखवा

जनसुनावणीची जाहिरात पेपरात आली तेव्हा दिवाळी नुकतीच झाली होती आणि गावातल्या ऊसतोडीच्या टोळ्या ट्रकमध्ये बसून निघून गेल्या होत्या. लातूर आणि बीड जिल्ह्यांच्या शिवेवरचं, मांजरा खोऱ्यातलं हे गाव. इथले कोयते, म्हणजे ऊसतोडीची जोडपी, दिवाळीनंतर सांगली-कोल्हापूरकडे जातात ते गुढीपाडव्याच्या आसपास परततात. तोवर निम्म्या घरांना कुलूप आणि उरलेल्यांत म्हातारी माणसं, नाहीतर शाळेत जाणारी लेकरं. जाहिरात नियमाला धरून होती. एक इंग्रजी दैनिक, एक मराठी दैनिक, ३० दिवसांची मुदत. गावाजवळच्या साखर कारखान्याला गाळप क्षमता दिवसाला ५,००० टनांच्या पुढे न्यायची होती आणि शेजारीच मळीपासून अल्कोहोल काढणारी डिस्टिलरी उभारायची होती. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेप्रमाणे असा प्रकल्प मंजुरीआधी लोकांपुढे ठेवावा लागतो. लोक मात्र दुसऱ्या जिल्ह्यांत ऊस तोडत होते.

मी मराठवाड्यातल्या एका विद्यापीठात कायदा शिकवते आणि तिथलं पर्यावरण कायद्याचं क्लिनिक चालवते. तिथं मुलं लोकांच्या खऱ्या प्रकरणांवर काम करून कायदा शिकतात. पूर्णवेळ प्राध्यापक असल्यानं मला कोर्टात उभं राहता येत नाही, मुलांकडे तर सनदच नसते. कोर्टाची पायरी चढायची वेळ आली तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरचे वकील लागतात. जनसुनावणीत मात्र कुणालाच वकील लागत नाही. ज्याच्या विहिरीचा प्रश्न आहे त्यानं उठायचं आणि बोलायचं. त्यामुळे शिकवण्याच्या दृष्टीनं मला ती कोर्टापेक्षा मोलाची वाटते. तालुक्याच्या कायदेविषयक शिबिरात या गावची काही कुटुंबं भेटली होती. पावसाळ्यात विहिरीचं पाणी तांबूस होतं, पोळ्याला बैल धुवायला नेले तर जनावर तोंड लावत नाही, अशी त्यांची तक्रार होती. जाहिरात वाचल्यावर त्यांनीच फोन केला.

डिस्टिलरी आली तर काय येतं, हे मुलांना आधी आकड्यांत समजावलं. एक लिटर अल्कोहोलमागे साधारण ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश, म्हणजे डिस्टिलरीचं सांडपाणी, निघतो. घरगुती सांडपाण्याचा बीओडी, म्हणजे पाण्यातली सेंद्रिय घाण मोजायचा आकडा, लिटरला दोन-तीनशे मिलिग्रॅम असतो, कच्च्या स्पेंटवॉशचा ४०,००० च्या घरात जातो. आता कारखान्यांना तो आटवून जाळावा लागतो, बाहेर थेंबही सोडता येत नाही. पण आटवण्याआधी तो लगूनमध्येच, म्हणजे उघड्या तळ्यातच, साठतो. आमच्याकडे जमिनीखाली बसाल्ट आहे आणि वर मुरूम. मुरमातून झिरपलेलं पाणी खडकाच्या भेगांनी कुठं निघेल हे नकाशावर रेघ मारून सांगता येत नाही. ज्या लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्याच खोऱ्यात आम्ही विहिरींबद्दल बोलत होतो.

परभणीचा एक विद्यार्थी मूट कोर्टात, म्हणजे सरावाच्या खटल्यांत, नाव काढलेला. त्यानं जनसुनावणीसाठी भाषण लिहून आणलं. सर्वोच्च न्यायालयाचा १९९६ चा वेल्लोरचा निकाल, सावधगिरीचं तत्त्व, प्रदूषण करणाऱ्यानं भरपाई द्यावी हे तत्त्व, घटनेच्या कलम २१ मधला जगण्याचा हक्क, सगळं नीट बांधलेलं. वाचून झाल्यावर मी त्याला विचारलं, "प्रदूषण नियंत्रण मंडळाचा कारकून यातलं इतिवृत्तात काय लिहील?" तो गप्प झाला. वर्गातून कुणीतरी म्हणालं, "पर्यावरणाबाबत चिंता व्यक्त करण्यात आली." बरोबर हेच लिहिलं जातं. उलट "अमुक गट नंबरातल्या विहिरीचं पाणी पोळ्याच्या सुमारास तांबूस होतं" असं कुणी म्हटलं, तर ते तसंच लिहावं लागतं. शिवाय लोकांनी मांडलेल्या मुद्द्यांसमोर प्रकल्प मालकाचं उत्तर नोंदवायचं, असंही अधिसूचनेचं परिशिष्ट ४ सांगतं. चिंतेला उत्तर देणं सोपं असतं, "योग्य ती काळजी घेतली जाईल." गट नंबर असलेल्या विहिरीला असं उत्तर देता येत नाही. क्लिनिकच्या कामाचा गाभा मला इथंच सापडतो. गावाचं म्हणणं आपण सुंदर करायचं नाही, ते अचूक कागदावर जाईल एवढं बघायचं. त्या मुलाला हे पटलं नाही, आणि त्यानं ते तोंडावर सांगितलं.

मग मुलं गावात गेली. मारुतीच्या पारावर खडूनं शिवार काढलं. ओढा, विहिरी, बोअर, कारखान्याची भिंत. प्रकल्पाच्या मूल्यांकन अहवालाचा मराठी सारांश ग्रामपंचायतीत आला होता, तो मोठ्यानं वाचला. ओढ्याचा उल्लेख "हंगामी नाला, उन्हाळ्यात कोरडा" असा होता. पाण्याचे नमुने मार्च ते मे मध्ये घेतलेले. मूल्यांकनासाठी पावसाळा सोडून एका हंगामाची माहिती चालते, त्यामुळे यात बेकायदा काही नव्हतं. फक्त पाणी ज्या महिन्यांत तांबूस होतं, नेमके ते महिने अहवालात नव्हते.

पारावर सगळे एका मताचे नव्हते. एक तरुण शेतकरी उभा राहून म्हणाला, "मॅडम, तुमी दोन रोजानं जाताल. मपला ऊस कोन नेनार? नोंद लागंना झाली तर फडातच वाळून जाईल." त्याचं म्हणणं खरं होतं. ज्याच्या हातात तोड त्याच्याशी वाकडं घेणं उसाच्या शेतकऱ्याला परवडत नाही. शिवाय डिस्टिलरीनं भाव वाढेल अशी आशाही अनेकांना होती. मुलांना सांगितलं, याचंही म्हणणं वहीत लिहा आणि त्याला सुनावणीला यायला सांगा. आपण ज्या कुटुंबांसाठी काम करतोय त्यांच्या विरोधात हे जातं म्हणून गाळायचं नाही. ही शिस्त लावायला मला प्रत्येक तुकडीत सगळ्यात जास्त वेळ लागतो.

बाहेर गेलेल्या टोळ्यांचं म्हणणं पोचवायचा मार्ग एका विद्यार्थिनीनं काढला. तिचे आईवडील स्वतः तोडीला जातात, ती वसतिगृहात राहून शिकलेली. हजर राहू न शकणाऱ्यांना लेखी म्हणणं मंडळाकडे पाठवता येतं हे वाचल्यावर तिनं सुट्टीत सांगलीकडची एसटी धरली. दिवसा फडात कुणाला सवड नसते, म्हणून रात्री गाडी भरून झाल्यावर कोप्यांत बसून तिनं एकेकाचं म्हणणं लिहून घेतलं, वाचून दाखवलं, सही किंवा अंगठा घेतला. ती पत्रं तिनं सुनावणीआधीच मंडळाच्या कार्यालयात देऊन पोच घेतली. पोच घ्यायला मी सांगितलं नव्हतं. तिच्या वडिलांची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, मुकादमाकडे तोंडी असायची, कागद नसल्याचे परिणाम तिनं घरात पाहिले होते.

सुनावणीच्या दिवशी कारखान्याच्या आवारात मंडप होता. अतिरिक्त जिल्हाधिकारी अध्यक्ष, शेजारी प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारी, समोर कॅमेरा. सगळ्या कामकाजाचं चित्रीकरण करावंच लागतं. सल्लागार कंपनीच्या माणसानं पडद्यावर सादरीकरण केलं. मग पहिला बराच वेळ स्वागताची भाषणं झाली. परिसराचा विकास, हाताला काम, कारखान्याचे उपकार. बाया मंडपाच्या कडेला बसलेल्या. आमची मुलं त्यांच्याही मागं, वह्या घेऊन. परभणीच्या मुलाकडे मी एकच काम दिलं होतं. जो बोलेल त्याचे शब्द जसेच्या तसे लिहायचे आणि समोर घड्याळातली वेळ टाकायची.

मग एक मावशी उठल्या. साठी ओलांडलेल्या, ओढ्याकाठी दीड एकर जमीन. माईक धरायला नको म्हणाल्या.

"सायेब, तुमच्या कागदात वढा उन्हाळ्यात कोरडा हाये म्हनून लिवलंय. मंग आमी चैतात झिऱ्याचं पानी भरतो, ते कुठलं?"

सल्लागारानं सांगितलं की उपग्रहाच्या चित्रात तिथं पाणी दिसत नाही.

"झिरा वाळूत उकरावा लागतो. वरून कसा दिसंल? दोन हात खाली पानी हाये. लेकरं, शेरडं, समदे त्याच्यावरच. आन् तुमचं ते तळं त्याच वढ्याच्या वरल्या अंगाला बांधायलात. पावसात तुंबलं तर खाली कोन हाये? आमीच ना."

मंडपात गलका झाला. अध्यक्षांनी हात करून शांत केलं आणि मंडळाच्या अधिकाऱ्यांना म्हणाले, "हे घ्या लिहून." पुढं विहिरींचे गट नंबर आले. त्या तरुण शेतकऱ्यानंही उठून उसाच्या भावाचं आणि तोडीचं आपलं म्हणणं मांडलं. आमच्यातलं कुणी बोललं नाही. वेल्लोरचा निकाल वहीतच राहिला. परभणीच्या मुलाचा चेहरा मला दिसत होता, त्याला ते फार जड जात होतं.

चार वाजत आले. आभाराचं सुरू झालं, कॅमेरावाला वायर गुंडाळायला लागला. तेव्हा गावातले निवृत्त गुरुजी उभे राहिले. त्यांच्या हातात परिशिष्ट ४ चा कागद होता, पारावर बसून त्यांनी तो स्वतःच्या अक्षरात मराठीत उतरवून घेतला होता. ते म्हणाले, "साहेब, इतिवृत्त लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवायचं आणि त्यावर आजच सही व्हायची, असं इथं आहे. तेवढं वाचून दाखवा."

मंडळाचे अधिकारी म्हणाले की मसुदा कच्चा आहे, कार्यालयात नीट करून पाठवू. गुरुजी बसले नाहीत. अध्यक्षांनी कागद मागवून घेतला, वाचला, आणि सांगितलं, "वाचा." त्या अध्यक्षांबद्दल माझ्या मनात आदर आहे. त्यांना उशीर झाला होता आणि वाचायला लावणं त्यांना सहज टाळता आलं असतं.

वाचन सुरू झालं. विहिरींचे गट नंबर आले, एक चुकला होता तो शेतकऱ्यानं दुरुस्त करून घेतला. मग वाक्य आलं, "परिसरातील महिलांनी पिण्याच्या पाण्याबाबत चिंता व्यक्त केली."

मावशी उठल्या. "मी झिरा म्हनले. त्यो कुठंय?"

अधिकारी म्हणाले, अर्थ तोच आहे. मावशी म्हणाल्या, "अर्थ न्हाई सायेब, झिरा लिवा." त्या नेमकं काय म्हणाल्या यावर दोन्हीकडून बोलणं सुरू झालं, तेव्हा परभणीचा मुलगा वही घेऊन पुढं गेला आणि अध्यक्षांना विचारून त्यानं त्यांची वाक्यं वेळेसकट वाचून दाखवली. बाकी एक शब्द बोलला नाही. चित्रीकरणात तीच वेळ काढून पाहिलं, जुळलं. इतिवृत्तात हातानं ओळी घातल्या गेल्या. ओढ्यात उन्हाळ्यात झिरे असतात, चैत्रात लोक त्यांचं पाणी पितात, नियोजित लगून त्याच्या वरच्या अंगाला आहे. ऊसतोडीला गेलेल्यांची लेखी म्हणणी मिळाल्याची नोंद झाली. सह्या झाल्या तेव्हा मंडपातले दिवे लावले होते.

परतीच्या बसमध्ये तो मुलगा माझ्याशी बराच भांडला. "मॅडम, कायदा आपल्याला येतो आणि आपण गप्प बसतो, याला शिक्षण कसं म्हणायचं? उद्या तिथं गुरुजी नसते तर? मावशी घाबरल्या असत्या तर?" मी म्हटलं, त्या घाबरू नयेत म्हणून तर आपण पारावर इतक्या वेळा बसलो. तो म्हणाला, प्रत्येक गावात तेवढा वेळ मिळणार नाही. हे त्याचं म्हणणं मी खोडू शकले नाही. मुदती आमच्यासाठी थांबत नाहीत, सत्र परीक्षांनी तुटतं, एक तुकडी शिकून तयार होते तोवर निघून जाते. पण ज्यांच्या वतीनं आपण बोलतो ती माणसं शेजारी बसलेली असताना आपण बोलावं, हे मला अजूनही पटत नाही. हा वाद आमच्या वर्गात दरवर्षी नव्यानं होतो आणि मी तो होऊ देते.

इतिवृत्त राज्याच्या तज्ज्ञ समितीपुढं गेलं. समितीनं भूजलाचा वेगळा अभ्यास मागवला आणि नोंदलेल्या विहिरींचे पावसाळ्यातले नमुने घ्यायला लावले. लगूनची जागा ओढ्यापासून हलली. त्यानंतर अटींसह मंजुरी मिळाली. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुण्याच्या खंडपीठापुढं अपील करायला २०१० च्या कायद्यात कलम १६ खाली ३० दिवस असतात, कारण दाखवलं तर आणखी ६०. मुलांनी टिपण तयार ठेवलं होतं. कुटुंबांनी पारावर बसून ठरवलं की अपील करायचं नाही. लगून हलली, ऊसही जायचा आहे. दोन विद्यार्थिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्यांना फाइलवर निर्णय लिहायला सांगितला, कुणी घेतला आणि काय कारण दिलं ते त्यांच्याच शब्दांत.

मंजुरी मिळालेल्या प्रकल्पाला अटींच्या पालनाचा अहवाल दर सहा महिन्यांनी द्यावा लागतो, १ जून आणि १ डिसेंबरला. आता प्रत्येक नवी तुकडी क्लिनिकमध्ये आली की तिच्या हातात आधी हाच अहवाल पडतो, आणि गुरुजींनी ठेवलेली विहिरींची वही. गेल्या श्रावणात मावशींचा फोन आला की भिंतीखालच्या पाइपातून तांबडं पाणी येतंय. फोनवरच्या विद्यार्थिनीनं फोटो काढायला सांगितले आणि लगेच मंडळाला लेखी कळवलं. आपण भरलेल्या बाटलीनं शंका दाखवता येते. खटल्यात टिकायचा तो नमुना १९७४ च्या जल कायद्याच्या कलम २१ प्रमाणेच घ्यावा लागतो, कारखान्याच्या माणसाला तिथंच नोटीस देऊन, दोन भाग करून, मोहर आणि सह्या घालून. मंडळाचे लोक दुसऱ्या दिवशी आले तेव्हा पाइप वाहत होता. मुलांनी दुरूनच प्रत्येक पायरी वहीत टिपली. प्रयोगशाळेचा अहवाल अजून यायचा आहे.