विमान पडतं ते बहुधा रिसीव्हरच्या बाजूने

रिमोटवर उडणाऱ्या मॉडेल विमानासाठी रिमोट घेताना सगळे चॅनल (एकेका हालचालीचे वेगळे सिग्नल) मोजतात, विमानात बसून ते सिग्नल घेणाऱ्या रिसीव्हरबद्दल फारसं कोणी विचारत नाही. हवेत गडबड होते ती मात्र बहुतेकदा त्या छोट्या डबीच्या आसपास: तिला मिळणारी वीज, तिच्या अँटेना आणि न लावलेला फेलसेफ (सिग्नल तुटल्यावर काय करायचं ते आधीच ठरवून ठेवणारं सेटिंग).

पहिला घोळ खरेदीतच होतो. रिमोट आणि रिसीव्हर दोन्हींवर २.४ गिगाहर्ट्झ लिहिलंय म्हणून ते एकमेकांशी बोलतीलच असं नाही. फ्लायस्कायची एएफएचडीएस २ए, स्पेक्ट्रमची डीएसएमएक्स, फुटाबाची फास्ट या सिग्नल पाठवायच्या वेगवेगळ्या पद्धती आहेत. रिसीव्हर रिमोटच्या पद्धतीचाच हवा.

नवशिक्यांच्या हातात सहसा दिसणारी जोडी म्हणजे फ्लायस्कायचा आय६ रिमोट आणि आयए६बी रिसीव्हर. बाइंड करण्याआधी, म्हणजे दोघांची एकमेकांशी जोडी जमवण्याआधी, प्रॉपेलर काढा. रिसीव्हरच्या 'बी/व्हीसीसी' खाचेत बाइंड प्लग लावा, दुसऱ्या कुठल्याही चॅनलमधून ५ व्होल्ट द्या. दिवा भराभर लुकलुकेल. मग रिमोटचं बाइंड बटण दाबून धरत तो चालू करा. लुकलुकणं मंदावलं की प्लग काढून दोन्ही बंद-चालू करा. रिमोट सुरूच होत नसेल तर थ्रॉटल (मोटरचा वेग ठरवणारी कांडी) खाली आणि सगळे स्विच वर आहेत का ते बघा. त्याशिवाय आय६ पुढे सरकत नाही.

जोडणीत चॅनल १ एलेरॉन (पंखांवरची पाती), २ एलिव्हेटर (शेपटीची आडवी पाती), ३ थ्रॉटल, ४ रडर (शेपटीची उभी पाती). स्पेक्ट्रममध्ये थ्रॉटल पहिला असतो, म्हणून रिमोट बदलला तर वायरी जशाच्या तशा लावू नका. सर्व्होची (पाती हलवणाऱ्या छोट्या मोटरची) तपकिरी वायर निगेटिव्ह, लाल पॉझिटिव्ह, केशरी सिग्नलची. प्लग उलटा बसला तरी लाल मधोमध असल्याने सहसा काही जळत नाही, सर्व्हो नुसता हलत नाही.

आता विजेचं. 'सिग्नल तुटला' अशा बऱ्याच तक्रारींत सिग्नल धडधाकट असतो. रिसीव्हरला वीज ईएससीमधल्या (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटमधल्या) बीईसीकडून मिळते; बीईसी म्हणजे बॅटरीचं व्होल्टेज रिसीव्हरला झेपेल इतकं उतरवणारा भाग. चार सर्व्हो एकदम जोर लावतात किंवा एखादा अडकतो, करंट वाढतो, व्होल्टेज कोसळतं आणि रिसीव्हर रीस्टार्ट होतो. जमिनीवर रिमोटच्या सगळ्या कांड्या एकदम जोरात फिरवा आणि रिसीव्हरच्या दिव्याकडे लक्ष ठेवा. तो क्षणभर जरी विझला, तर जास्त अँपिअरचा वेगळा बीईसी लावा आणि ईएससीच्या प्लगमधली लाल वायर काढून तिच्यावर टेप गुंडाळा. कपॅसिटर हा तात्पुरता उपाय, माझ्या मते सर्व्हो अडकू न देणारी लिंकेज (सर्व्हो आणि पाती यांना जोडणारी तार) त्याहून मोलाची.

आयए६बीला अँटेना दोन आहेत. प्रत्येकीच्या टोकाचा साधारण ३१ मिमीचा उघडा भाग, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीचा चौथा हिस्सा, तेवढाच खरा सिग्नल पकडतो. तो सरळ आणि मोकळा ठेवा, दोघींमध्ये ९० अंशांचा कोन करा. बॅटरी, मोटरच्या वायरी आणि कार्बन फायबर यांपासून दूर; कार्बनच्या नळीत घातलेली अँटेना जवळजवळ बहिरी होते. थर्माकोल किंवा डेप्रॉनची (फोमच्या पातळ शीटची) अडचण नाही. रिमोटच्या अँटेनाचं टोक विमानावर रोखू नका, टोकाच्या दिशेला सिग्नल सगळ्यात क्षीण असतो.

फेलसेफसाठी आय६वर सिस्टीम मेनूतल्या आरएक्स सेटअपमध्ये जा, फेलसेफ उघडा, चॅनल ३ निवडा, थ्रॉटल पूर्ण खाली धरून ते ऑन करा. मग 'कॅन्सल' दाबून धरा. हे बटण सेव्हही करतं, आणि नुसतं टिचकी मारून बाहेर पडल्यामुळे अनेकांचं सेटिंग साठतच नाही. स्पेक्ट्रमच्या बऱ्याच रिसीव्हरमध्ये बाइंड करताना थ्रॉटल जिथे असेल तीच जागा साठते, म्हणून तिथे बाइंडच्या वेळीच तो खाली हवा.

तपासणी प्रॉपेलर काढूनच. मोटर अर्ध्या थ्रॉटलवर फिरत असताना रिमोट बंद करा. मोटर लगेच थांबायला हवी. थांबली नाही तर सेटिंग पुन्हा करा, तोवर उडवू नका. एरवी मात्र क्रम उलटा: चालू करताना आधी रिमोट, बंद करताना आधी विमानाची बॅटरी.