जयश्री गडकरांवर ट्रिब्युट साँग केलं, त्यात हक्कांचा घोळ कसा निस्तरला (माझा अनुभव)

गाणं यूट्यूबवर चढलं, त्यावर आलेला कॉपीराइटचा क्लेमपण (म्हणजे दुसऱ्यानं सांगितलेला हक्क) सुटला, आणि आता जो तो मेसेज करून विचारायलाय की जुन्या गाण्याची परवानगी कुठनं काढली, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. परवानगी काढलीच नाही, कारण जुनं गाणं वापरलंच नाही. पण तिथवर पोचेपर्यंत जे झालं ते सांगण्यासारखं आहे.

आमच्या वयाच्या पोरांना जयश्री गडकर म्हणजे रामायणातली कौसल्या, १९८७ ची, आणि त्यात दशरथ झालेले बाळ धुरी हे खरोखरचेच त्यांचे मिस्टर. पण मामीनं मला 'सांगत्ये ऐका' दाखवला होता, १९५९ चा, अनंत मानेंचा, आणि त्यातली बुगडीची लावणी बघून मी येडाच झालो होतो. शांतारामबापूंच्या 'झनक झनक पायल बाजे'त (१९५५) घोळक्यात नाचणारी पोरगी चार वर्षांत हे करते म्हणजे काय खायचं काम नाही. तिच्यावर गाणं करायचंच, हे तेव्हापासून डोक्यात.

पहिला प्लॅन सरळ होता, त्या लावणीचं धृपद घ्यायचं, खाली बीट टाकायचा, मावसबहीण नाचणार, विषय संपला. ग्रुपमध्ये सगळे म्हणायले, "भावा, साठ वर्षं झाली, आता फुकट हाय." एका वकील मित्राला गाठलं तर तो म्हणाला साठ वर्षं खरी, पण कशाची ते बघ की. रेकॉर्डिंग आणि पिक्चर यांची साठ वर्षं प्रकाशित झाल्याच्या पुढच्या वर्षापासून मोजतात, म्हणजे १९५९ चं २०१९ अखेर संपलं. शब्दांचं तसं नाही, तिथं कवी गेल्यानंतर साठ वर्षं. लावणी लिहिणारे गदिमा १९७७ ला गेले, मग शब्द २०३७ संपेपर्यंत कुणाच्या तरी मालकीचे. चाल वसंत पवारांची, तिचा हिशोब परत वेगळा. आशाताईंचा आवाज ज्या रेकॉर्डवर आहे ती मोकळी झाली तरी त्या आवाजातले शब्द मोकळे नाहीत, हे पचायलाच मला वेळ लागला.

मग कव्हर करू म्हटलं, म्हणजे तेच गाणं आपण नव्यानं गाऊन रेकॉर्ड करायचं. कॉपीराइट कायद्यात त्याची सोय आहे, कलम ३१-सी. आधी नोटीस द्यायची, रॉयल्टी ॲडव्हान्स भरायची, तीपण वर्षाला कमीत कमी ५० हजार प्रतींच्या हिशोबानं, आणि शब्दाला-चालीला गरजेपलीकडं हात लावायचा नाही. एवढं करून ते फक्त ऑडिओपुरतं! व्हिडिओसाठी परत हक्कवाल्याच्या दारात उभं राहायचं. एका म्युझिक कंपनीला मेल टाकले, उत्तर शून्य. शेवटी मीच म्हटलं सोडा, आपलं गाणं आपण लिहू. बुगडीवर काय कुणाची मालकी नाही, आमच्या कोल्हापुरात गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, कुठल्यापण दुकानात मिळते. पहिली ओळ सुचली, "रिळातली बाई तू गं, रिळातून उतर खाली," आणि खरं सांगायचं तर उसनं धृपद घेतलं असतं त्यापेक्षा हे चांगलं झालं.

शूटिंग मंगळवार पेठेत मित्राच्या जुन्या वाड्यात, एक शॉट खरी कॉर्नरला बाबूराव पेंटरांच्या कॅमेरा स्मारकापाशी. खरी मजा कपड्यात आली. व्हिडिओ ब्लॅक अँड व्हाइट करायचा होता, बहिणीनं हिरवी नऊवारी आणि लाल चोळी घातलेली, डोळ्याला एकदम फक्कड, आणि मोबाईल मोनोवर, म्हणजे ब्लॅक अँड व्हाइटवर, टाकून बघितलं तर साडी आणि चोळी दोन्ही एकाच राखाडी रंगाची, पदर कुठं संपतो तेच कळंना. मग मामीच्या ट्रंकेतनं सगळ्या साड्या अंगणात टाकून एकेक मोबाईलवर बघत बसलो, शेवटी गर्द जांभळी साडी आणि पिवळी चोळी जमली. रंगात बघितलं तर भयाण, पण पडद्यावर काठ आन् काठ दिसतोय. बुगडी चापाची घेतली, कारण बहिणीचा वरचा कान टोचलेला नाही, आणि गिरकी घेतली की ती खरंच सांडायची, त्यामुळं आतनं टेप लावली.

अपलोड केल्या केल्या क्लेम आला. सुरुवातीला हलगीचा एक विकत घेतलेला लूप (परत परत वाजवायचा तयार तुकडा) होता, लायसन्ससकट, तोच लूप दुसऱ्या कुणाच्या तरी गाण्यात होता आणि त्यांनी ते कंटेंट आयडीत, म्हणजे यूट्यूबच्या आपोआप गाणी ओळखणाऱ्या यंत्रणेत, टाकलेलं. घरी रडारड, चॅनल जाणार म्हणून. क्लेम आणि स्ट्राइक वेगळे हो! क्लेममध्ये पैसे दुसऱ्याकडं जातात, चॅनलला काय होत नाही, स्ट्राइकला घाबरायचं, त्यानं चॅनल जाऊ शकतं. पाच दिवसांच्या आत डिस्प्युट टाकला तर पहिल्या दिवसापासूनचे पैसे बाजूला राखून ठेवतात, म्हणून लगेच टाकला, लूपची पावती, लायसन्सचा नंबर आणि गाण्यातला नेमका सेकंद लिहून. समोरच्याला तीस दिवस असतात. त्यानं उत्तरच दिलं नाही आणि मुदत संपल्यावर क्लेम आपोआप सुटला.

आता ढोलकीवाल्या काकांशी कागद करायचाय, त्यांचा वाटा किती, वाजवल्याचं नाव कुठं येणार वगैरे. मी ड्राफ्ट घेऊन गेलो तर काका म्हणाले, "कागद तुझ्याकडं ठेव, मला रोख दे." रोख दिली, आणि सहीपण घेतली.