पुरुषांच्या आरोग्यासाठीची दौड : जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी

मागच्या नोव्हेंबरात परगावी जाऊन प्रोस्टेट (पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी) कॅन्सरसाठी निधी जमवणारी दहा किलोमीटरची दौड धावून आलो. माझं टायमिंग सांगण्यासारखं नाही, म्हणून ते वगळतो.

नाव नोंदवण्याआधी आयोजकांना विचारा, पैसे कुठे जाणार? एंट्री फीतून टी-शर्ट, मेडल, पाणी असा खर्च निघतो. देणगी बहुतेकदा आपण ओळखीच्यांकडून वेगळी जमवायची असते. उत्तर गोलमोल आलं तर सरळ दुसरी दौड शोधावी. आणि देणगीसाठी ग्रुपवर मेसेज टाकून काही होत नाही. एकेकाला फोन करावा लागतो.

मुक्काम स्टार्टपासून चालत जाता येईल असा बघा, पहाटे रस्ते बंद असतात. बिब, म्हणजे टी-शर्टवर लावायचा नंबराचा कागद, आदल्या दिवशीच घ्या. टॉयलेटच्या रांगेसाठी अर्धा तास हाताशी ठेवा. प्रोस्टेटच्या दौडीत ती रांग लांब का असते, हे वेगळं सांगायला नको. फुकट मिळालेला कॉटनचा टी-शर्ट घालून धावू नका. घामाने ओला झाला की छातीला घासतो, स्तनाग्रं सोलवटतात. आधी व्हॅसलीन किंवा चिकटपट्टी लावा. पांढऱ्या टी-शर्टवर दोन लाल रेघा घेऊन फिनिशला आलेले वीर मी पाहिलेत.

स्टार्टला जिकडेतिकडे मिशा. काही खऱ्या, काही काजळाने काढलेल्या. हे खूळ ‘मोव्हेंबर’चं. 2003 मध्ये मेलबर्नमध्ये तीसेक जणांनी मजा म्हणून मिशा वाढवल्या, पुढच्या वर्षी त्याला प्रोस्टेट कॅन्सरच्या निधीची जोड दिली. पुढे वृषणाचा कॅन्सर आणि मानसिक आरोग्यही त्यात आलं. महिनाभरात 60 किलोमीटर धावा किंवा चाला, हे आव्हानही त्यांचंच. जगात दर तासाला सुमारे 60 पुरुष आत्महत्येने जातात, म्हणून 60.

मध्येच एक काका सोबतीला आले. पाठीवरच्या बिबवर ‘मी धावतोय’ आणि ‘साठी’ यांच्या मधल्या जागेत मार्करने लिहिलं होतं, ‘दादा’.

“दादाला निघाल्यावर डॉक्टर म्हणाले, तुम्हीही तपासून घ्या. म्हटलं, मला काय धाड भरलीय? लघवी तर साफ होते.”

“मग?”

“मग काय! हिनेच अपॉइंटमेंट घेतली.”

सुरुवातीला या आजाराचा बहुधा काहीच त्रास जाणवत नाही, आणि वडिलांना किंवा भावाला असेल तर आपला धोका दुपटीहून जास्त असतो. ऑपरेशननंतर लघवी थेंबथेंब गळायची, पॅड लावावे लागायचे, ओटीपोटाखालचे स्नायू आवळण्याचे व्यायाम रोज करावे लागले, हे सगळं काकांनी पुढच्या पाण्याच्या टेबलापर्यंत हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं सांगून टाकलं. समोरासमोर बसून बोलले असते असं वाटत नाही. धावताना दोघांचेही डोळे रस्त्यावर असतात, ते बरं पडतं. म्हणून म्हणतो, इथे वेगाचा नाद सोडा आणि मागच्या घोळक्यात राहा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. फिनिशजवळ पीएसए तपासणीचा (प्रोस्टेटसाठीच्या रक्तचाचणीचा) स्टॉल दिसला तरी लगेच रक्त देऊ नका. दमछाक करणारा व्यायाम, विशेषतः सायकलिंग, आणि वीर्यस्खलन यांनी आकडा तात्पुरता वाढू शकतो. दोन्हींनंतर 48 तास जाऊ द्यावेत. लघवीचा संसर्ग असेल तर आणखी थांबावं लागतं. आकडा वाढला म्हणजे कॅन्सरच, असंही नाही. पन्नाशीला डॉक्टरांशी या तपासणीबद्दल बोलावं, घरात कुणाला असेल तर पंचेचाळिशीच्या आसपासच.

तरुणांनी वृषणाच्या कॅन्सरचा स्टॉल चुकवू नये. तो तरुणपणीच जास्त होतो आणि लवकर सापडला तर बहुतेक जण पूर्ण बरे होतात. गरम पाण्याने अंघोळ झाल्यावर बोटांनी चाचपायचं, न दुखणारी गाठ लागली तरी डॉक्टरांना दाखवायचं. लांब धावल्यावर कधी लघवी लालसर होते. ती श्रमाने होऊ शकते, पण तसं गृहीत न धरता दाखवून यावं.

परतीची गाडी संध्याकाळची धरा. डॉक्टरांच्या टेबलापाशी गर्दी होते ती मेडलचे फोटो उरकल्यावर, आणि घरच्यांना नाश्त्याच्या रांगेत पाठवल्याशिवाय एकही गडी त्या खुर्चीत बसत नाही.